भांडी मोडीत देण्यापूर्वी नावे वाचा



दिवाळीची साफसफाई बहुतेक घरांत सुरू झाली असेल. माळ्यावरचे डबे खाली उतरतात, वर्षभर न लागलेली पितळेची पातेली अंगणात येतात आणि ‘आता हे कोण घासत बसणार’ असे म्हणून त्यातली निम्मी मोडीत जातात. धनत्रयोदशीच्या सुमारास दुकानदार जुने पितळ वजनावर घेतो, वर थोडे पैसे घातले की नवा कुकर घरी येतो. व्यवहार म्हणून त्यात काही वावगे नाही. माझे मागणे एवढेच आहे की यंदा भांडे तराजूत जाण्याआधी त्याच्या काठाखाली काय कोरले आहे ते वाचा. नातवंडे सुट्टीला आली असतील तर त्यांच्याकडूनच वाचून घ्या. त्या नावांवरून घराचा इतिहास लिहायला कशी सुरुवात करता येते, ते आज सांगते.

दिवाळी म्हणजे नवी वही

आपल्यासाठी दिवाळी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस. अमावस्येला पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवायचा आणि मग घरी लक्ष्मीपूजनाची तयारी करायची. दुसऱ्या दिवसापासून वीर निर्वाण संवत बदलते. परंपरेने निर्वाणाचे वर्ष इसवी सनापूर्वी ५२७ धरतात. म्हणून दिवाळीनंतरच्या इसवी सनात ५२७ मिळवले की वीर निर्वाण संवत येते, दिवाळीआधी ५२६ मिळवायचे. हा हिशेब मुलांना शिकवून ठेवा, मूर्तीखालचे आणि पाटीवरचे आकडे वाचताना उपयोगी पडतो. शके असेल तर ७८ मिळवायचे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करायचे. वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत एकाचा फरक पडतो, पण कामापुरते एवढे पुरते.

आपल्या व्यापारी घरांत याच दिवशी वह्यांची पूजा होते. माझे सासरे सांगलीत हळदीच्या पेठेत हिशेब लिहीत असत. कीर्द वेगळी, खतावणी वेगळी, आणि प्रत्येक नोंदीला पावती. मी बी.कॉम. झाले ते पुस्तकावरून, पण वही कशी ठेवायची हे त्यांच्याकडे बघून शिकले. जमाखर्चाचा पहिला नियम सगळ्यांना माहीत असतो. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकीकडे जमा झाले म्हणजे दुसरीकडे नावे पडलेच पाहिजे, नाहीतर ताळा लागत नाही.

आता आपल्या घरच्या वंशावळी काढून बघा. वर ‘मूळ पुरुष’, त्याखाली मुलगे, त्याखाली मुलगे. लेक असली तर बहुतेक ठिकाणी नाहीच, आणि सून असली तर तिचे माहेर नाही. लेक एका घरातून जाते आणि सून म्हणून दुसऱ्या घरात येते. म्हणजे लग्न ही दोन घरांच्या वह्यांतली नोंद आहे. पण वंशावळीत एकच बाजू लिहिलेली असते. अशा वहीचा ताळा कधी लागायचाच नाही.

सरकारी कागदात आपण कुठे असतो

कागदपत्रांत बायकांची नावे अजिबात नाहीत असे मात्र नाही. शेताचा सातबारा आणि त्यामागचे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, यांत वारसाची नोंद होते तेव्हा मुलींचीही नावे येतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने लेकीला वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्क दिला आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने काही अटींवर आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला.

पण आपल्या भागातल्या किती तरी घरांचे फेरफार वाचा. वारस म्हणून लेकींची नावे लागतात आणि पुढच्याच नोंदीत हक्कसोडपत्राने ती कमी होतात. माझ्या माहेरच्या उताऱ्यावर माझे नाव असेच आले आणि गेले. मी राजीखुशीने सही केली होती, भावांशी आजही गोडी आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण इतिहास म्हणून त्या कागदाकडे पाहिले की लक्षात येते, माहेरच्या घराच्या शंभर वर्षांच्या सरकारी कागदांत आम्हा बहिणींचा उल्लेख फक्त ‘हक्क सोडला’ या वाक्यात आहे. पणतवंडांना कधी तेवढाच कागद सापडला तर आमच्याविषयी त्यांना तेवढेच कळेल.

अलीकडे थोडा बदल झाला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदांसाठी ठरवला आहे. पुढच्या पिढ्यांचे काम त्याने सोपे होईल. मागच्या पिढ्यांचे आपल्यालाच करावे लागेल.

आपल्या पूर्वज बायकांनी नावे लिहून ठेवली होती

बायकांची नावे लिहायची नसतात, ही जुनी रीत आहे असे कुणी म्हणाले तर त्यांना मथुरेची आठवण द्या. मथुरेजवळच्या कंकाली टीला येथे १८८८ ते १८९१ या काळात मोठे उत्खनन झाले आणि प्राचीन जैन स्तूपाचे अवशेष, मूर्ती आणि आयागपट मिळाले. आयागपट म्हणजे पूजेसाठी बसवलेली कोरीव शिळा. त्यावरचे लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि दान देणाऱ्यांत श्राविका मोठ्या संख्येने आहेत.

त्यातला एक लेख अमोहिनी नावाच्या श्राविकेचा आहे. त्यात तिचे स्वतःचे नाव आहे, गोत्र आहे, ती श्रमणांची श्राविका असल्याचे म्हटले आहे. नवऱ्याचे नाव पाल, आणि त्याची ओळख ‘हारितीपुत्र’ अशी, म्हणजे त्याच्या आईकडून दिलेली. पुढे तिचे तीन मुलगे: पालघोष, प्रोष्ठघोष आणि धनघोष. एका दगडावर तीन पिढ्या आल्या आणि त्याही बाईच्या बाजूने. दुसऱ्या एका आयागपटावर वसु नावाच्या स्त्रीचे दान आहे. ती लोणशोभिका या गणिकेची मुलगी. समाजाने जिला बाजूला ठेवले असते तिची लेकही अर्हंतांच्या पूजेसाठी शिळा बसवते आणि आईचे नाव उघडपणे कोरून घेते. मथुरेच्या इतर लेखांतही अमक्याची मुलगी, अमक्याची सून, अमक्याची पत्नी, अमक्याची आई अशी ओळख सापडते. मी ज्याला दुहेरी नोंद म्हणते ती हीच. माहेर आणि सासर, दोन्ही बाजू लिहिलेल्या.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातली अत्तिमब्बे अनेकींना ठाऊक असेल. लक्कुंडीचे जिनालय इसवी सन १००७ च्या सुमारास तिने बांधले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिने ताडपत्रांवर लिहवून घेतल्या आणि वाटल्या, असे परंपरा सांगते. छापखाना यायच्या कितीतरी शतके आधीची ही गोष्ट आहे. मूडबिद्रीला जपलेल्या महाबंधाच्या ताडपत्रांच्या शेवटी मल्लिकादेवीचे नाव येते. तिने श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनानिमित्त ही प्रत लिहवून माघनंदी मुनींना दिली. उद्यापनाला वस्तू देताना त्यावर नाव घालायची आपली रीत किती जुनी आहे ते यावरून समजते.

आणि श्रवणबेळगोळ. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेली ओळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. चावुंडराजाने मूर्ती करवली असे ती सांगते, आणि गंगराजाने भोवतीचा सुत्तालय करवला असे दुसरी ओळ सांगते. दोन्ही पुरुष. पण ज्या मातेच्या इच्छेसाठी चामुंडरायाने हे केले ती काळलदेवी आपल्याला कथेतून माहीत आहे. लहानशा फळाच्या करंटीत दूध आणणारी गुळ्ळेकायी आज्जी मूर्तीच्या रूपाने समोर उभी आहे, पण तिचे खरे नाव कुणालाच ठाऊक नाही. तिथल्याच चंद्रगिरीवर गंगराजाने आपल्या आईसाठी, पोचव्वेसाठी, बसदी बांधली आणि त्याची पत्नी लक्ष्मी हिने स्वतः दुसरी बांधली. दोन्ही इसवी सन १११८ च्या सुमाराच्या आणि दोन्ही नावे लेखांत आहेत. म्हणजे एकाच क्षेत्रावर कुणी लेखातून कळते, कुणी कथेतून, कुणी नुसत्या मूर्तीतून. घराचेही असेच असते. तिन्ही ठिकाणी शोधावे लागते.

एका पितळी डब्याची गोष्ट

आता आमच्या घरातले सांगते. नावे मात्र देत नाही, ती घरच्या वहीत आहेत.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाणी होते. सासऱ्यांच्या वह्या, जुन्या लग्नपत्रिका, जन्मटिपणे असलेली पेटी तिथेच होती. पाणी ओसरल्यावर उघडली तेव्हा आत चिखलाचा एक गोळा होता. शिरोळ तालुक्यातल्या आणि नदीकाठच्या तुम्हा कितीतरी जणींच्या घरी हेच झाले, मला नव्याने सांगायला नको.

पितळ मात्र राहिले. गाळ धुताना कोठीतला एक झाकणाचा डबा माझ्या हाती आला. वीसेक वर्षे मी त्यात मीठ ठेवायची सोडून काही ना काही ठेवत आले होते. चिखल निघाला तेव्हा काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेली अक्षरे उठून दिसली. एका बाईचे नाव, ‘दशलक्षण उद्यापन’ असे शब्द, आणि शके १८४५. ते नाव घरात कुणालाच माहीत नव्हते. ना माझ्या यजमानांना, ना दिरांना.

माझ्या आतेसासूबाई तेव्हा ९१ वर्षांच्या होत्या, जयसिंगपूरला लेकीकडे. त्यांना फोन करून नाव सांगितले. पलीकडे बराच वेळ काही बोलणे नाही. मग म्हणाल्या, “अगं, ती आमची आत्या. तिचं हे नाव मी फक्त माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय. आम्ही सगळी तिला आक्काच म्हणत होतो.”

मग एकेक कळत गेले. आक्का म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांची बहीण. दहाव्या वर्षाच्या आत लग्न आणि वर्षभरातच वैधव्य. मुलींच्या लग्नाचे वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा, तो यायला अजून खूप अवकाश होता. त्याच काळात मुंबईत मगनबाई आणि सोलापुरात कंकुबाई आपल्या समाजातल्या विधवा मुलींना आश्रमात घेऊन शिकवत होत्या. दोघींनाही स्वतः तरुणपणीच वैधव्य आलेले होते. पण आक्काला कुणी तिकडे पाठवले नाही. ती परत माहेरी आली आणि शेवटपर्यंत याच घरात राहिली. पाच भाचरे तिने वाढवली. लोणची-पापड तिचे, मंदिराच्या पूजेची तयारी तिची, बाळंतपणे तिची. वंशावळीत ती नाही. माहेरच्या वंशावळीत लेक म्हणून घेतली नाही, सासरच्या वंशावळीत मूल नाही म्हणून घेतली नाही.

माझ्या मनात हिशेबाचा प्रश्न आला. दशलक्षण व्रत दहा वर्षे करायचे असते. उद्यापन शके १८४५ मध्ये, म्हणजे भाद्रपद १९२३ मध्ये झाले. त्याअर्थी तिने व्रत घेतले तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असणार. उद्यापनाला दहा-दहा वस्तू देतात. त्या काळी घरात पैसा हाताळायला न मिळणाऱ्या विधवेने दहा डबे कशातून घेतले? हे मी आतेसासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “तिच्या लग्नातल्या पाटल्या होत्या ना. त्या तिने मोडल्या. आजोबा नको म्हणाले होते, म्हणे. तिने ऐकलं नाही.”

सख्यांनो, मला त्या वाक्याने फार बरे वाटले. एरवी आक्का म्हणजे बिचारी, घरात राबलेली, एवढेच चित्र राहिले असते. पण तिने स्वतःचे स्त्रीधन स्वतःच्या मर्जीने खर्च केले, दहा वर्षांचे व्रत पुरे केले आणि दहा भांड्यांवर स्वतःचे नाव घालून घेतले. अमक्याची विधवा असे त्यावर नाही. फक्त नाव.

दहापैकी एक डबा आमच्याकडे. मी नात्यात फोन लावले. कुरुंदवाडला एक निघाला, त्यात अजून हळद होती. चिकोडीकडे एक, इचलकरंजीत एक. इचलकरंजीच्या घरात तर तो मोडीत द्यायच्या पिशवीत बांधून ठेवलेला होता. बाकीचे सहा वितळले असावेत. आतेसासूबाई पुढे दीड वर्षाने गेल्या. पुरानंतरच्या त्या आठवड्यात फोन केला नसता तर डब्यावर नाव राहिले असते, पण ते कुणाचे हे सांगणारे कुणी राहिले नसते.

सुट्टीत नातवंडांबरोबर करायची कामे

दिवाळीच्या पंधरा दिवसांत होतील अशी चार कामे सांगते. आमच्याकडे ही होऊन गेली आहेत आणि मुलांनी मनापासून केली.

पहिले काम भांडी वाचण्याचे. सगळे पितळ, तांबे, जर्मन आणि जुने स्टीलसुद्धा एका जागी मांडा. नाव बहुतेक काठाखाली, बुडाला किंवा झाकणाच्या आत असते. झिजलेली अक्षरे दिसत नसतील तर त्यावर कोरडी बारीक रांगोळी चोळून वरची पुसून घ्या, खाचेत राहिलेली तेवढी उठून दिसते. मोबाईलचा फोटो घेताना उजेड समोरून नको, बाजूने यावा. नावांवर पितांबरीने जोर लावून घासू नका, दरवर्षी थोडे थोडे अक्षर जाते. प्रत्येक भांड्याचा फोटो, जसेच्या तसे लिहिलेला मजकूर आणि आज ते कुणाकडे आहे, एवढे टिपा. ‘जसेच्या तसे’ महत्त्वाचे आहे. अक्षर चुकलेले असले तरी सुधारू नका, तासणाऱ्याने जे घातले ते घातले. काही नावे कानडीत निघतील. आपल्या आज्ज्या घरात कानडीच बोलत होत्या, तेव्हा कानडी वाचणारे कुणी गाठा.

मंदिरातल्या मूर्तीखालचे लेख वाचायलाही मुलांना न्या, पण पुजाऱ्यांना विचारून आणि हात न लावता. एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूर्तीवर ज्याचे नाव असते तो त्याच गावचा असेल असे नाही. विक्रम संवत १५४८, म्हणजे इसवी सन १४९१ च्या सुमारास जीवराज पापडीवाल या श्रावकाने प्रतिष्ठा करवलेल्या मूर्ती भारतभर गावोगावी पोहोचल्या आहेत.

दुसरे काम लग्नपत्रिकांचे. लग्नात आपले नाव बदलत होते, ताटातल्या तांदळात नवे नाव लिहिले जात होते. त्यामुळे माहेरच्या कागदावरची मुलगी आणि सासरच्या कागदावरची बाई एकच आहे हे नुसते कागद बघून कळत नाही. दोन्हींना जोडणारी पावती म्हणजे लग्नपत्रिका. तीत गाव असते, तिथी असते, आई-वडिलांची नावे असतात, निमंत्रकांच्या यादीत सगळे काका-मामा असतात. जुन्या फोटोंच्या मागेही बघा, स्टुडिओचा शिक्का आणि कुणाच्या तरी हातचे दोन शब्द सापडतात.

तिसरे काम माहेरांच्या नकाशाचे. हे मुलांना सगळ्यात आवडते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव जिल्ह्यांचा मोठा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवा. घरात आलेल्या प्रत्येक सुनेच्या माहेरापासून आपल्या गावापर्यंत एक दोरा लावा, दिलेल्या प्रत्येक लेकीचा दुसऱ्या रंगाचा. पिढीला एक रंग ठेवला तर आणखी चांगले. आमच्या नकाशात पहिल्या दोन पिढ्यांचे दोरे कृष्णा, पंचगंगा आणि दूधगंगेच्या काठाकाठाने एवढेसे आहेत. बैलगाडीने एका दिवसात गाठता येईल तेवढेच अंतर. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, पण आमच्या घरात तिचा परिणाम दिसायला एक पिढी गेली. आयर्विन पूल १९२९ मध्ये झाला, त्यानंतर नदीपलीकडच्या सुना वाढल्या. पुढे पुणे, मुंबई, आणि आता एक दोरा नकाशाच्या बाहेर भिंतीवर अमेरिकेकडे गेला आहे. राज्यांच्या पुनर्रचनेत १९५६ मध्ये मध्ये रेघ पडली तरी आपले दोरे त्या रेघेवरून जातच राहिले, हेही मुलांना नकाशावर दाखवता येते.

चौथे काम बोलते करण्याचे. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईसमोर मोबाईल ठेवून ‘जुने काही सांगा’ म्हटले तर ती म्हणते, “मला काय ठाऊक?” त्यापेक्षा हातात वस्तू द्या. तो डबा, ती नऊवारी, तो फोटो. आणि सन विचारू नका, प्रसंग विचारा. कोयनेचा भूकंप झाला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, तेव्हा कडेवर कोण होते? बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्ले? १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, तेव्हा घरातून कोण दर्शनाला गेले? बाहुबलीचा महामस्तकाभिषेक कुणी कुठला पाहिला, १९५३ चा, १९६७ चा की १९८१ चा? आपल्या बायकांच्या आठवणी अशा खुंट्यांना टांगलेल्या असतात. खुंटी सापडली की वर्ष आपोआप लागते. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण चुकवू नका, म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो.

वही कशी लिहायची

आम्ही एक जाड रजिस्टर घेतले आणि प्रत्येक बाईला एक पान दिले. डाव्या बाजूला माहेर, उजव्या बाजूला सासर. डावीकडे जन्मनाव, गाव, आईचे नाव आणि आईचे माहेर. उजवीकडे लग्नानंतरचे नाव, गाव, मुले, केलेली व्रते, हातचा प्रसिद्ध पदार्थ. खाली एक रकाना पावतीचा: हे कशावरून कळले? भांड्यावरून, पत्रिकेवरून, उताऱ्यावरून, की कुणी सांगितले आणि कधी. पावती नसेल तर जागा कोरी ठेवायची. कोरी जागा पाहूनच पुढचे कुणीतरी शोध घेते. आमच्या वहीत सध्या ४३ पाने आहेत आणि निम्म्यांवर आईच्या माहेराची जागा कोरी आहे.

उतारे हवे असतील तर महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. कर्नाटकातल्या गावांसाठी तिकडच्या कार्यालयात विचारावे लागेल. फार जुने कागद मोडीत असतात, वाचणारे मिळतात. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये मुलींच्या जन्मतारखा सापडतात, मात्र वय थोडे पुढे-मागे लिहिलेले असू शकते, तेव्हा ती एक पावती धरा, शेवटचा पुरावा नव्हे.

अवघड पाने

घराचा इतिहास म्हटला की नको असलेल्या गोष्टीही निघतात. वाटणीचे भांडण, दत्तक, पहिली बायको असताना केलेले दुसरे लग्न, परत पाठवलेली लेक. अशा वेळी काही जणी वही मिटून टाकतात. मला वाटते इथे आपला अनेकांत कामाला येतो. एकाच गोष्टीविषयी धाकट्या जावेकडचे वेगळे आणि थोरलीकडचे वेगळे ऐकायला मिळाले तर दोन्ही लिहा, कुणी सांगितले ते लिहा, आणि निवाडा करू नका. जे लिहिल्याने आज जिवंत असलेल्या कुणाचे मन दुखेल ते वेगळ्या पाकिटात घालून ठेवा. परनिंदा नको, पण खोटेही नको. आक्काच्या पानावर ‘तिला शिकायला पाठवले नाही’ हे वाक्य आम्ही ठेवले आहे. माझ्या यजमानांना ते आधी खटकले. दोन दिवसांनी त्यांनीच त्याखाली तिने वाढवलेल्या पाचही भाचरांची नावे लिहिली आणि त्यात आपल्या वडिलांचे नाव पहिले घातले.

तयार झालेली वही कपाटात ठेवू नका. भाऊबीजेला सगळ्या लेकी माहेरी येतात, त्या दिवशी प्रत्येकीला तिचे पान वाचू द्या आणि दुरुस्त करू द्या. प्रत्येक पानाचा फोटो दोन-तीन घरांत ठेवा. आमच्यासारख्या नदीकाठच्यांनी तर एक प्रत उंचावरच्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवायलाच हवी.

आणि भांडी. सगळी ठेवता येत नाहीत हे मलाही कळते, फ्लॅटमध्ये माळे उरलेले नाहीत. नाव वाचून, फोटो घेऊन, वहीत नोंद करून मग भांडे द्यायचे तर द्या. पण उद्यापनाचे, रुखवताचे, बाळंतविड्याचे एखादे तरी ठेवा, आणि ज्या लेकीच्या घरी ते जाईल तिला त्याच्यावरचे नाव कुणाचे हे तोंडाने सांगून द्या. या धनत्रयोदशीला नवे भांडे घेणार असाल तर दुकानात नाव घालून मिळते. मशीनने घालतात, पाच मिनिटे लागतात. ‘सौ.’ आणि आडनावाबरोबर स्वतःचे नाव, आईचे नाव आणि वीर निर्वाण संवत घालायला सांगा.

आपणा सर्वांना वीर निर्वाण दिनाच्या आणि दिवाळीच्या शुभेच्छा. जय जिनेंद्र.